मदत हवी आहे: आईचं टावी करायचंय, अनुभव सांगा प्लीज

नमस्कार, आईला (वय ७९) सिव्हिअर एओर्टिक स्टेनोसिस निघालाय, म्हणजे कॅल्शियम साचून हृदयाची झडप पार कडक आणि अरुंद झालीये, जिना चढताना धाप लागते आणि मधे एकदा चक्कर येऊन पडली पण. डॉक्टर म्हणतात या वयात छाती उघडायला नको, टावी करू, म्हणजे जांघेतल्या धमनीतून कॅथेटरने नवी झडप नेऊन जुनीच्याच आत बसवायची. २००२ मध्ये फ्रान्सला डॉ. क्रिबिए यांनी पहिल्यांदा केलं तेव्हापासून हे तंत्र खूप सुधारलंय, त्यामुळे त्याची भीती नाही, आणि आई स्वतः तयार आहे हे सगळ्यात महत्त्वाचं. पण तिला आधीपासून राइट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या उजव्या बाजूला जाणारे विजेचे संकेत अडतात) आहे आणि अशांना नंतर पेसमेकर लागायची शक्यता जास्त असते, त्याचंच टेन्शन आलंय.

ज्यांच्या घरी झालंय त्यांना पेसमेकर लागला का? फुग्याने उघडायची झडप घेतली की आपोआप उघडणारी, ते कशावरून ठरलं? घरी आल्यावर थकवा किती दिवस टिकला, रात्री गोंधळल्यासारखं व्हायचं का? इथे कोणी कार्डिऑलॉजिस्ट किंवा कॅथलॅबमधल्या सिस्टर असतील तर सीटी रिपोर्ट दाखवताना नेमकं काय विचारू तेही सांगा, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना कळवायचंय.