42 मिनिटं चेंडू एकाच संघाकडे : डिफेन्स खरंच दमतो का?

नॅशव्हिलकर
5 ऑक्टोबर 2024 ला अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये आमच्या नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने अलाबामाला 40-35 हरवलं, तेव्हा मी स्टेडियममध्ये होतो. पोरांनी गोलपोस्ट उपटून ब्रॉडवेवरून नेला आणि थेट कंबरलँड नदीत टाकला! नंतर आकडे बघितले. चेंडू व्हँडरबिल्टकडे 42 मिनिटं 8 सेकंद, अलाबामाकडे 17:52. ऑफिसात जो तो म्हणतो, अलाबामाचा डिफेन्स, म्हणजे चेंडू समोरच्याकडे असताना अडवणारे अकरा जण, दमला. पण मैदानात दोन्हीकडचे अकरा-अकरा जण तेवढाच वेळ असतात ना? मग दमायचं एकट्या डिफेन्सनेच का?

अटलांटाकर
मिनिटं फसवी असतात, स्नॅप मोजा, म्हणजे चेंडू मागे देऊन किती वेळा खेळ सुरू झाला ते. दोन स्नॅपच्या मधेही घड्याळ बहुतेकदा चालूच असतं. ऑफेन्सने (चेंडू असलेल्या बाजूने) पुढच्या स्नॅपसाठी मिळणारं 40 सेकंदांचं प्ले-क्लॉक संपत आणलं, तर समोरच्यालाही तेवढा दम घेता येतो. कोच चिप केलीच्या काळातला ओरेगनचा संघ आठवा. चेंडू त्यांच्याकडे थोडाच वेळ असायचा, तरी प्रतिस्पर्ध्यांना धाप लागायची. ऑफेन्सने खेळाडू बदलले तर डिफेन्सलाही बदलायला वेळ द्यावा लागतो. ओरेगन बदलतच नसे, लगेच पुढचा स्नॅप.

लेकाची आई
माझा मुलगा इथेच टेनेसीत हायस्कूलला डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे डिफेन्सच्या पुढच्या रांगेत मधे, खेळतो. दर शुक्रवारी रात्री माझं लक्ष चेंडूपेक्षा त्याच्या पाठीकडे जास्त असतं. तुमच्या 'एकट्या डिफेन्सनेच का'चं उत्तर मला तिथे मिळालं. स्नॅप कधी होणार, कुठे जायचं, हे समोरच्या लायनीला, म्हणजे ऑफेन्सच्या पुढच्या रांगेला, आधीच ठाऊक असतं. याला चेंडू हलल्यावर उठायचं, दोघांचा मिळून येणारा धक्का झेलायचा, आणि प्ले पलीकडच्या बाजूला गेला तरी धावायचंच. पहिल्या क्वार्टरला वाकल्यावर त्याची पाठ सपाट असते. चौथ्यात कंबर वर येते, आणि एकदा ती वर आली की त्याला हलवणं सोपं.

मागच्या सीझनला एका सामन्यात आमच्या ऑफेन्सचे लागोपाठ तीन थ्री-अँड-आऊट झाले, म्हणजे दर वेळी तीन प्रयत्नांत दहा यार्ड न मिळाल्याने चेंडू सोडावा लागला. हा बाकावर बसून पाण्याची बाटली उघडतोय, तोवर पंट, म्हणजे चेंडू लाथेने समोरच्यांकडे आणि हा परत मैदानात. त्या रात्री घरी आला आणि बूटही न काढता जिन्यातच झोपला. मी शेजारी बसून राहिले, उठवायचा धीर झाला नाही. तेव्हापासून मी मैदानावरच्या मिनिटांपेक्षा बाकावरची मिनिटं मोजते.

आणि थर्ड डाऊन, म्हणजे दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा! तो अडवला की डिफेन्स सुटतो. व्हँडरबिल्टने त्या दिवशी 18 पैकी 12 थर्ड डाऊनला हवे तेवढे यार्ड काढले. म्हणजे 12 वेळा अलाबामाच्या पोरांना वाटलं असेल की आता बसायला मिळणार, आणि पुन्हा वाकावं लागलं.

अटलांटाकर
हे पटलं. तरी एक उदाहरण उलटं आहे. सप्टेंबर 2018 मध्ये आर्मीने (अमेरिकेच्या लष्करी अकादमीच्या संघाने) ओक्लाहोमाविरुद्ध 44 मिनिटं 41 सेकंद चेंडू धरून ठेवला, तरी ओव्हरटाइममध्ये 28-21 हरले.

लेकाची आई
पण सामना ओव्हरटाइमपर्यंत गेला ना! समोर ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून ऑफेन्स चालवणारा, कायलर मरे होता, आणि चेंडूच हातात नसेल तर तो तरी काय करणार? त्यात निम्मं काम दमवण्याचं आणि निम्मं त्याला बाहेर बसवून ठेवण्याचं. हे दोन वेगळे धरायला हवेत, टीव्हीवर सगळं 'दमले' याच एका शब्दात घालतात.

नॅशव्हिलकर
40-35 झाल्यावर अलाबामाला चेंडू परत मिळालाच नाही. तेव्हा माझी नजर घड्याळावर खिळली होती. आज व्हँडरबिल्टचा तो शेवटचा ड्राइव्ह, म्हणजे चेंडू हातात ठेवून केलेली सलग चढाई, पुन्हा लावतो, या वेळी लायनीच्या कमरा बघायला.