अनुभव धागा: दरवर्षी पैसे भरायचं ऑफिस सॉफ्टवेअर घ्यावं का?

दारव्हा, टायपिंगचं दुकान
तहसीलजवळ माझं छोटं दुकान आहे. दोन संगणक, एक प्रिंटर. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, बचत गटांचे ठराव. ऑफिस २०१६ वर आजवर निभलं, पण त्याचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. आता एकदाच पैसे देऊन २०२४ ची आवृत्ती घ्यावी, मायक्रोसॉफ्ट ३६५ ची, म्हणजे वर्गणीवर मिळणाऱ्या ऑफिसची, वर्गणी भरावी, की फुकटातलं काही बघावं? मागे एका ओळखीच्या दुकानदाराकडून काहीशे रुपयांत ऑफिस चालू करायची 'की' घेतली होती. ऐन शाळाप्रवेशाच्या गर्दीत ती बंद पडली आणि बाया लेकरं घेऊन दारात ताटकळल्या. ते परत नको. तुम्ही काय घेतलं आणि त्यानं कामात काय फरक पडला, ते सविस्तर लिहा.

हिंगणघाट, जिनिंगमधला हिशेब
हिशेब टॅलीत, पण बँकेला जाणारं स्टॉक स्टेटमेंट एक्सेलमध्ये, आणि त्यात मॅक्रो (ठरलेली कामं आपोआप करणाऱ्या आज्ञा) आहेत. ब्राउझरमधलं एक्सेल फाईल उघडतं, मॅक्रो चालवत नाही. म्हणून संगणकावर बसणारं एक्सेल आम्हाला हवंच होतं. इथे लोक फसतात ते योजनेच्या नावात. ३६५ च्या पर्सनल आणि फॅमिली या योजना घरगुती वापरासाठी आहेत, धंद्यासाठी नाहीत. बिझनेस बेसिक घेतलं तर फक्त ब्राउझर आणि मोबाईल. संगणकावरचं बिझनेस स्टँडर्डमध्ये मिळतं. एकदाच घ्यायचं असेल तर २०२४ चं 'होम अँड बिझनेस' बघा, पण ते एकाच संगणकावर चालतं. घेताना जीएसटी नंबर टाका, १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे तो कर आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो. आणि ऑटो-पे लावलं तर पैसे कापायच्या २४ तास आधी सूचना येते, तो रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती कुणाच्या मोबाईलवर येणार ते आधी ठरवा. आमच्याकडे ती मालकांच्या पुण्यातल्या मुलाकडे जायची, आणि इथे कुणालाच पत्ता नसायचा.

दर्यापूर, कृषी केंद्र
मी त लिब्रेऑफिसच वापरतो भाऊ, ते फुकटातलं ऑफिस, पाच वर्सं झाले. एक पैसा नाई लागला. बियाणं, खत, उधारी, सारं त्यातल्या कॅल्कमधी, ते एक्सेलसारखंच असते. पावसाळ्यात आमच्याकडं लाईन गेली का नेट बी जाते, पन काम अडत नाई. फक्त फाईल दुसऱ्याले पाठवाची असन त एक्सेलच्या फॉरमॅटमधी सेव्ह करा, नाईतं पीडीएफ करा. पयल्यांदा मी तशीच पाठवली, त समोरच्याच्या मोबाईलात उघडेच ना.

वरूड, संत्रा उत्पादक कंपनी
आमचं दुखणं वेगळं होतं. सभासद, बागेचं क्षेत्र, आंबिया बहार, मृग बहार, कुणाचा माल किती, सगळं एका गुगल शीटमध्ये. फुकट, सोयीचं, पाच जणं एकाच वेळी भरणारे. ती शीट मात्र आमच्याकडे आधी कामाला असलेल्या मुलानं स्वतःच्या खाजगी खात्यावर बनवलेली. तो नागपूरला नोकरीला गेला. मोफत खात्याची १५ जीबी जागा भरली, म्हणून त्यानं ड्राइव्ह साफ केली आणि त्यात आमची दोन हंगामांची नोंद गेली. फोन लावला तर बिचारा तोच घाबरला. ट्रॅशमध्ये ३० दिवस फाईल राहते, त्या मुदतीत सापडली म्हणून वाचलो.

तेव्हा संचालक मंडळात ठराव करून गुगलच्याच वर्कस्पेस या पैसे भरायच्या सेवेची वर्गणी भरली, कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवर (इंटरनेटवरच्या कंपनीच्या नावावर). माणूस सोडून गेला तर ॲडमिन त्याच्या फाईली दुसऱ्याच्या नावे करून देतो. खात्यागणिक पैसे लागतात, म्हणून खाती तीनच: सीईओ, लेखापाल, गोदाम. संचालकांना फक्त बघायची लिंक. आमच्या मते वर्गणीचे पैसे फाईलींच्या त्या मालकीसाठीच आहेत. एकट्यानं काम करणाऱ्यानं एवढ्यासाठी वर्गणी भरू नये.

धारणी, शिक्षक
शाळेच्या गावात नेटवर्क नाही. गुगल डॉक्सचं ऑफलाइन मी धारणीत नेट असतानाच क्रोममध्ये चालू करून ठेवतो, गावात टाईप करतो, परतल्यावर आपोआप चढतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ सुद्धा नेटशिवाय चालतं, पण महिन्यातून एकदा तरी जोडावं लागतं. नाहीतर फाईल उघडते, छापता येते, बदलता येत नाही. वर्गणी संपल्यावरही तसंच होतं.

ब्रह्मपुरी, टायपिंग इन्स्टिट्यूट
दारव्ह्याच्या दादा, सॉफ्टवेअरच्या आधी मी तुमचा फॉन्ट विचारते. फाईली कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर आधी तिथे लक्ष द्या. त्यात मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही, तिथे मजकुराच्या जागी नुसती रोमन अक्षरं दिसतात. गुगल डॉक्समध्ये तर साध्या खात्यावर आपला फॉन्ट टाकता येत नाही. कितीही महागडी योजना घेतली तरी हे सुटत नाही. मी दोन उन्हाळ्यांत जुने नमुने युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, आणले. कन्व्हर्टर बरंचसं करतो, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीच लागतात. प्रतिज्ञापत्रात नाव चुकलं तर माणसाची फेरी वाया जाते. त्यानंतर मात्र विद्यार्थ्यांची यादी एक्सेलमध्ये आडनावाप्रमाणे नीट लागली, फाईलमध्ये नाव शोधलं की सापडायला लागलं.

दारव्हा, टायपिंगचं दुकान
ताई, तुमचं वाचून फाईली उघडून पाहिल्या. जवळपास सगळ्या कृतिदेवमध्ये. माझ्या फाईली मी एकटाच हाताळतो, त्यामुळे वर्गणी घेत नाही. गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर वर्डच्या फाईली आणतात, त्यासाठी एका संगणकावर होम अँड बिझनेस, दुसऱ्यावर लिब्रेऑफिस. आज दुपारी प्रतिज्ञापत्राचा पहिला नमुना युनिकोडमध्ये आणला. 'कार्यालय'मधला रफार दोन ठिकाणी सरकला होता, तो हातानं दुरुस्त केला. उद्या उत्पन्नाच्या दाखल्याचा घेतो.