नवीन नाटक पाहिल्यावर ‘छान होतं’च्या पुढे बोलायचं कसं?

दुधनाकाठ (प्रश्न)

परभणीत आमचा बारा-पंधरा जणांचा गट आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतली नाटकं, दौऱ्यावर येणारी व्यावसायिक नाटकं, कॉलेजांच्या एकांकिका, जे मिळेल ते एकत्र बघायचं आणि दुसऱ्या दिवशी तासभर त्यावर बोलायचं असा शिरस्ता आहे. जुन्या नाटकांवर बोलणं जमतं, कारण त्यांच्यावर लिहिलेलं भरपूर आहे. अडचण नव्यांची आहे. नाटककार आजचा, संहिता बहुतेक वेळा छापलेली नाही, कुणी काही लिहिलेलं नाही. दहा मिनिटांत ‘अभिनय जबरदस्त’, ‘दुसरा अंक जरा लांबला’ इथं गाडी अडते.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. चर्चेला सुरुवात कुठून करावी? लेखकाचं काम कोणतं आणि दिग्दर्शकाचं कोणतं, हे प्रेक्षकानं कसं ओळखावं? आणि संहिता हाती लागली तर आधी वाचावी की नंतर?

विंगेतून

सुरुवातीचं तेवढं सांगतो. पहिली पंधरा मिनिटं विशेषणांना बंदी घाला. ‘छान’, ‘प्रभावी’, ‘कंटाळवाणं’ काहीच नाही. फक्त काय दिसलं आणि काय ऐकू आलं तेवढंच बोलायचं. पडदा उघडला तेव्हा रंगमंचावर कोण होतं, काय करत होतं? शेवटचा अंधार झाला तेव्हा कोण उरलं होतं? या दोन चित्रांत काय बदललं? बरेचदा एवढ्यावरच वीस मिनिटं जातात, कारण बारा जणांना बारा वेगवेगळ्या गोष्टी आठवतात. नव्या नाटकाबाबत हे जास्त गरजेचं आहे. जुन्या नाटकाचा निवाडा आधीच्या लोकांनी करून ठेवलेला असतो, नव्याचा पुरावा तुम्हालाच गोळा करावा लागतो.

त्यानंतर चर्चेत विचारायचा प्रश्न: नाटकात कोणाला काय माहीत आहे? प्राजक्त देशमुख यांचं ‘संगीत देवबाभळी’ घ्या. तुकारामांच्या बायकोच्या, आवलीच्या, पायात काटा रुतलाय आणि लखुबाई तिची सेवा करतेय. लखुबाई म्हणजे रखुमाई, हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, आवलीला नाही. त्यामुळे आवली विठ्ठलाला जे जे बोलते ते प्रत्येक वाक्य आपल्याला दोनदा ऐकू येतं, एकदा आवलीच्या तोंडून आणि एकदा रखुमाईच्या कानातून. रंगमंचावर बाया दोनच, तरी नाटक भरलेलं वाटतं ते यामुळे. कागदावर आडवं पात्र, उभं प्रवेश असा तक्ता आखा आणि कुणाला कोणती गोष्ट कोणत्या प्रवेशात कळली ते भरा. नाटकाची घडण डोळ्यांसमोर येते.

आता ‘दुसरा अंक लांबला’. हे वाक्य बोलणाऱ्याला लगेच विचारा: कोणत्या जागी? कुणाच्या एन्ट्रीनंतर? जागा सापडली की कारणही सापडतं. नव्या लेखनात नेहमी सापडणारी कारणं ठरलेली आहेत. जी माहिती प्रेक्षकाला कळून चुकली आहे ती दुसऱ्या पात्राला सांगण्यासाठी अख्खा प्रवेश खर्च होतो. किंवा पहिल्या अंकातच मूळ प्रश्नाचं उत्तर मिळून जातं आणि दुसऱ्या अंकात फक्त दुःख उरतं. किंवा लेखकाला स्वतःला बोलायचं असतं आणि तो ते एखाद्या मास्तरच्या, पत्रकाराच्या तोंडून बोलतो. अशा वेळी बाकीची पात्रं उभी राहून नुसती ऐकतात. त्या क्षणी ऐकणाऱ्या नटांचे हात बघा. हातांना काही काम नसेल तर बहुधा ते भाषण नाटकाबाहेरचं आहे.

आणि ब्लॅकआऊट, म्हणजे दोन प्रवेशांमधले अंधार, मोजा. एकेक वीस-तीस सेकंदांचा धरला तर बारा ब्लॅकआऊटमध्ये चार ते सहा मिनिटांचा अंधार झाला. नुकसान त्या मिनिटांचं नाही. दर वेळी प्रेक्षकाला नव्यानं मन गोळा करावं लागतं, ते नुकसान मोठं. मालिका पाहत पाहत लिहायला शिकलेल्या लेखकांत हा दोष फार दिसतो, कारण तिथे प्रवेश तोडणं फुकट असतं.

मांजराकाठ

लेखक आणि दिग्दर्शक वेगळे काढायला एक साधी कसोटी आहे. हेच नाटक उद्या लातूरच्या दुसऱ्या संघानं, दुसऱ्या नटांना घेऊन केलं तर काय शिल्लक राहील? शब्द, घटनांचा क्रम, कोण कुणासमोर असताना काय बोलतं, काय सांगायचं टाळलं आहे, हे राहील. ते लेखकाचं. हालचाली, वेग, दिव्यांचे रंग, संगीत बदलेल.

प्रशांत दळवी यांच्या ‘चारचौघी’तला विद्याचा फोनचा प्रवेश यासाठी उत्तम उदाहरण आहे. पलीकडचा माणूस आपल्याला ऐकूच येत नाही. तो काय बोलला ते तिच्या उत्तरांवरून आणि गप्प बसण्यावरून कळतं. पलीकडचा आवाज न ऐकवणं हा लेखकाचा निर्णय. कुठं थांबायचं, कधी उठायचं, आवाज कुठं चढवायचा हे दिग्दर्शक आणि अभिनेत्रीचं. १९९१ साली वंदना गुप्ते यांनी तो प्रवेश केला आणि २०२२च्या नव्या संचात मुक्ता बर्वे यांनी. दिग्दर्शक दोन्ही वेळी चंद्रकांत कुलकर्णीच. ज्यांनी दोन्ही पाहिलं त्यांना विचारा: काय तेच राहिलं, काय बदललं? लेखक-दिग्दर्शक ही जोडी औरंगाबादची, म्हणजे आपल्याच मराठवाड्याच्या मातीतली, हेही जाता जाता सांगावंसं वाटतं.

स्पर्धेच्या प्रयोगात आणखी एक काळजी घ्या. संघाला नेपथ्य लावायला आणि प्रकाशयोजना बसवायला मोजके तास मिळतात, पुष्कळदा त्या नाट्यगृहात ते पहिल्यांदाच उभे असतात. लाइटचा क्यू चुकला, सभागृह घुमत असल्यामुळे मागच्या रांगेपर्यंत शब्दाची शेपटी पोचली नाही, फूट माइक पायांचा आवाज उचलतोय पण तोंडाचा नाही, अशा गोष्टी लेखनाच्या खात्यावर टाकू नका. ‘संवाद कळले नाहीत’ म्हणण्याआधी पुढच्या रांगेत बसलेल्या माणसाला विचारा.

उलटंही होतं. पार्श्वसंगीत मोठं लावून कच्चा प्रवेश उभा केलेला असतो. घरी आल्यावर तो प्रवेश संगीताशिवाय आठवून पाहा. एकही वाक्य आठवत नसेल तर तुम्हाला सतारीनं हलवलं होतं, नाटकानं नाही.

आणि वस्तूंकडे बघा. पाणीटंचाईवरचं नाटक आहे, बाई डोक्यावर घागर घेऊन येते. घागर रिकामी आहे हे मानेवरून कळतं. भरलेल्या घागरीखाली मान ताठ होते, पाऊल जवळ जवळ पडतं, वळताना मान वळत नाही, अख्खं अंग वळतं. बाई सहज मान फिरवून हसली की टंचाईवरची पुढची दहा मिनिटं वाया. हा दोष नटीचा आणि तालमीचा आहे. पण ‘घागर खाली ठेवते आणि पाणी हिंदकळून सांडतं, सगळे त्या ओल्या जागेकडे बघतात’ असं संहितेतच लिहिलेलं असेल, तर ते लेखकाचं बळ.

गोदाकाठ

वरच्या दोघांचं पटतं, पण भाषेचा मुद्दा राहिला, आणि आपल्या भागातल्या नव्या नाटकांत तोच सगळ्यात मोठा आहे.

पुष्कळ नाटकांत ‘ग्रामीण’ म्हणून एक सरसकट भाषा येते. ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘लई भारी’ पेरलं की झालं गाव. ते गाव कोल्हापूरकडचं की बीडकडचं, पत्ता लागत नाही. कान क्रियापदावर ठेवा. आपल्याकडे ‘काय करायलास’, ‘जायलाव’, नांदेड-लातूरकडे ‘करूलालाय’, ‘जाऊलालाव’ अशी रूपं येतात. ‘का’ऐवजी ‘कामून’. निजामाच्या राजवटीतून आलेले उर्दू शब्द म्हाताऱ्या पात्राच्या तोंडी जास्त आणि नातवाच्या तोंडी कमी हवेत. बीडकडे वडीलधाऱ्याला ‘बाप्पा’ म्हणतात. हाकेचा असा एक शब्द नेमका आला तरी गाव उभं राहतं. लेखकानं हे ऐकून लिहिलंय की ठोकळेबाज लिहिलंय, ते पाच मिनिटांत कळतं.

त्यापुढची पायरी: पात्र भाषा कधी बदलतं? साहेबासमोर, दवाखान्यात, मुलीला बघायला पाहुणे आल्यावर माणूस प्रमाणभाषेकडे सरकतो आणि रागात परत घसरतो. ही घसरण लिहिलेली असेल तर लेखक पक्का. सगळी पात्रं सगळीकडे एकच बोली एकाच पट्टीत बोलत असतील तर ती सजावट झाली. आणि बोलीवर हशा येतोय की प्रसंगावर, हेही टिपा. नुसत्या उच्चारावर हशा येत असेल तर तो आपल्याच माणसांवरचा आहे. चर्चेत ते स्पष्ट बोलायला हवं.

कामधंद्याचे शब्दही तपासा. ऊसतोडीवरच्या नाटकात ‘कोयता’ म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादम त्यावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ‘आमचा कोयता मोडला’ असं पात्र म्हणालं, तर गेवराई-पाटोद्याच्या प्रेक्षकाला जोडी तुटल्याचं ऐकू येतं, इतरांना हत्यार तुटल्याचं. हा दुहेरी अर्थ लेखकानं वापरलाय का? वापरला असेल तर नाटकभर कुठं कुठं? अशा एका शब्दाचा माग काढत गेलात तर तासभराची चर्चा पुरत नाही.

आकृतिबंध, म्हणजे नाटकाचा साचा, कुठून आणलाय तेही विचारा. राजकुमार तांगडे यांचं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ (२०१२) जालना जिल्ह्यातल्या शेतकरी कलावंतांनी उभं केलं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. त्यात पोवाड्याचा सामना आहे, सवाल-जवाब आहेत. इतिहासाबद्दलचा वाद तिथं भाषण होत नाही, कारण शाहिरी सामन्यात उत्तर द्यावंच लागतं आणि जिंकणं-हरणं समोर घडतं. वाद आणि त्याचं रूप एकजीव झालंय. ज्या नाटकात वासुदेव किंवा गोंधळी नुसता प्रवेश जोडायला येऊन जातो, तिथं हे झालेलं नसतं.

दुधनाकाठ

मनापासून आभार. ब्लॅकआऊट आणि क्रियापदं, दोन्ही या आठवड्यातच लावून बघतो. संहिता आधी की नंतर, ते राहिलं. आणि न छापलेली संहिता मिळवायची कशी?

तिसरी घंटा

नंतर. पुढे काय होणार ते माहीत नसताना नाटक बघणं एकदाच घडतं, ते वाचून घालवू नका. अपवाद दाट बोलीच्या आणि पद्य जास्त असलेल्या नाटकांचा. तिथं पहिली आठ-दहा पानं आधी वाचली तर कान तयार होतो.

नंतर वाचताना रंगसूचना सोडू नका. बहुतेक वाचक कंसातला मजकूर ओलांडून जातात आणि नेमकं तिथंच लेखकानं डोळ्यांसाठी लिहिलेलं असतं. प्रयोगात जे दिसलं आणि संहितेत नाही, जे संहितेत आहे आणि दिसलं नाही, अशा दोन याद्या करा. मांजराकाठ म्हणतात त्या कसोटीचा हा पुरावाच.

संहिता मिळवायला प्रयोगानंतर रंगपटात (नटांच्या मेकअपच्या खोलीत) जाऊन लेखकाला सरळ विचारा. हौशी रंगभूमीवर लेखक बहुतेक प्रयोगाला हजर असतो. टंकलेली प्रत दिली तर ती गटाबाहेर फिरवू नका. फोटो काढून ग्रुपवर टाकणं तर नाहीच, उद्या तीच संहिता नाव बदलून दुसऱ्या गावात होते. छापील असेल तर झेरॉक्स काढू नका, दोन-तीन प्रती विकत घ्या. नवा नाटककार पुस्तकावर फार कमावत नाही, पण प्रकाशक पुढचं नाटक छापेल की नाही ते या प्रतींवर ठरतं.

प्रयोग हुकला असेल तर अभिवाचन, म्हणजे भूमिका वाटून संहितेचं मोठ्यानं वाचन, ठेवा. दोन तासांचं नाटक वाचायला साधारण दीड तास लागतो, कारण हालचालींचा वेळ वजा होतो. भूमिका दोन दिवस आधी वाटून द्या आणि रंगसूचना वाचायला एक वेगळा माणूस ठेवा, शक्यतो गटातला सर्वांत शांत आवाजाचा. अभिनय करायचा नाही. पात्रांचे वेगवेगळे आवाज काढून वाचलं की वाचणारा स्वतःचा अर्थ आधीच लादतो. पहिला अंक संपला की थांबा, आणि पुढे काय होईल ते प्रत्येकानं एका ओळीत लिहून कागद घडी घालून ठेवायचा. शेवटी ते उघडा. सगळ्यांचा अंदाज बरोबर असेल तर नाटक सरळ रेषेत गेलं. एकाचाही नसेल तर लेखकानं शेवट आकाशातून आणलाय का, ते पहिल्या अंकात मागे जाऊन शोधा.

परवानगीचं एवढंच, की १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळानं पैसे न घेता प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला सूट आहे. तरी लेखकाला आधी विचारा, आणि वाचनाचं चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकू नका. ते या सवलतीत बसत नाही. तिकीट लावलं की लेखी परवानगी आणि मानधन हे आलंच.

लेखकाला चर्चेला बोलावलंत तर पहिली चाळीस मिनिटं त्यांनी फक्त ऐकायचं, असं आधीच सांगून ठेवा. लेखक बोलायला लागला की बाकीच्यांचं पाहणं थांबतं. आणि ‘तुम्हाला काय म्हणायचं होतं?’ विचारू नका, ‘बाप पाणी मागतो तो क्षण आधीपासून होता की तालमीत सापडला?’ असं विचारा. जागेवर बोट ठेवलेल्या प्रश्नाला लेखक खरं उत्तर देतो, आणि पुढच्या खर्ड्यात त्याचा उपयोगही करतो.

विंगेतून

तिसरी घंटा यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. नवं नाटक पहिल्या दहा-पंधरा प्रयोगांत हलत असतं. प्रवेश कापले जातात, शेवट बदलतो. त्यामुळे टिपणावर तारीख, नाट्यगृह आणि शक्य असेल तर कितवा प्रयोग, हे आधी लिहा. नांदेडला पाहिलेलं आणि तीन महिन्यांनी संभाजीनगरला पाहिलेलं नाटक नावानं एकच असलं, तरी संहिता तीच असेलच असं नाही.

दुधनाकाठ

अंधारात टिपणं घ्यायची कशी? मोबाइलचा उजेड शेजाऱ्याला त्रास देतो.

मांजराकाठ

मोबाइल बंदच ठेवा. कोऱ्या कागदाची चौघडी करून मांडीवर पुठ्ठ्यावर ठेवा आणि शिसपेन्सिल वापरा, पेन अंधारात कधी बंद पडतं ते कळत नाही. एका प्रवेशाला एक-दोन शब्द, मोठ्या अक्षरात, न बघता: ‘ओली जागा’, ‘फोन खाली’, ‘कोयता-२’. ओळीवर ओळ चढू नये म्हणून डाव्या हाताचा अंगठा शेवटच्या ओळीवर ठेवायचा आणि लिहून झालं की खाली सरकवायचा. मध्यंतरात घडी उलटा, दुसरा अंक कोऱ्या बाजूवर. आणि त्याच रात्री झोपायच्या आधी त्या शब्दांची वाक्यं करून ठेवा. सकाळी ‘ओली जागा’ कशाची, ते आठवत नाही.