पीएमपीची तयारी आणि सराव परीक्षांचा रतीब

हिशेबनीस

आमच्या कार्यालयातील सहा सहकाऱ्यांनी गेल्या दीड वर्षात प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल, म्हणजे पीएमपी, या प्रमाणपत्राची परीक्षा दिली आणि त्यांपैकी चौघांची तयारी मला जवळून पाहायला मिळाली. चौघांचाही क्रम एकच होता. अर्जासाठी बंधनकारक असलेले 35 तासांचे प्रशिक्षण रात्री दीडपट वेगाने व्हिडिओ लावून उरकायचे, पीएमबॉक गाइड हे प्रकल्प व्यवस्थापनाचे मार्गदर्शक पुस्तक चाळल्यासारखे करायचे आणि पुढचे तीन महिने सराव परीक्षांचा रतीब घालायचा. सकाळी चहाच्या वेळी ‘काल किती पडले?’ एवढाच प्रश्न. कुठे चुकले आणि का चुकले, याची चौकशी मी एकदाही ऐकली नाही.

माझ्या मते सराव परीक्षेने तयारी मोजता येते, करता येत नाही. आणि हे मोजमापही फारसे भरवशाचे नाही, कारण उत्तीर्ण होण्यासाठी किती टक्के लागतात हे ही परीक्षा घेणारी संस्था, पीएमआय, जाहीरच करत नाही. निकालपत्रावर गुणांचा आकडा नसतो. ‘अबव्ह टार्गेट’, ‘टार्गेट’, ‘बिलो टार्गेट’ आणि ‘नीड्स इम्प्रूव्हमेंट’ या चार पायऱ्यांपैकी आपण कोणत्या पायरीवर आहोत एवढेच कळते. 180 प्रश्नांपैकी काही प्रश्न तर गुणांत धरलेच जात नाहीत आणि ते कोणते, हे परीक्षार्थीला सांगितले जात नाही. असे असताना ‘मॉकमध्ये पंचाहत्तर टक्के पडले की तारीख घ्या’ हा नियम नेमका कोणी केला?

शिवाय फुकट मिळणाऱ्या प्रश्नसंचांची स्थिती पाहा. पीएमबॉक गाइडच्या 2017 च्या सहाव्या आवृत्तीतील 49 प्रक्रिया आणि प्रत्येकीची आदाने, साधने व निष्पत्ती पाठ करायला लावणारे प्रश्न त्यांत अजून सर्रास सापडतात. जानेवारी 2021 पासून लागू झालेल्या परीक्षेच्या रूपरेषेत मात्र निम्म्याच्या आसपास प्रश्न अजाइल (काम छोट्या टप्प्यांत करत बदल सामावून घेणाऱ्या) आणि मिश्र पद्धतींवर आले आणि त्याच वर्षी निघालेल्या सातव्या आवृत्तीने प्रक्रियांच्या जागी 12 तत्त्वे मांडली. शिळ्या प्रश्नांवर मिळवलेल्या गुणांचा आनंद कशाला मानायचा? अगदी शेवटी, वेळेचा अंदाज यावा म्हणून, पूर्ण लांबीच्या दोन परीक्षा द्याव्यात आणि उरलेला वेळ वाचनाला व स्वतःच्या प्रकल्पाचा विचार करण्याला द्यावा, असे मला वाटते.

रोजचे साठ

आपल्या निरीक्षणाशी सहमत आहे, निष्कर्षाशी नाही. आठवण्याचा प्रयत्न केल्याने शिकणे होते, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. त्यानंतर काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी न बघता जेवढे आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर त्यांना 42 टक्के मजकूर आठवला आणि स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना 56 टक्के. पुन्हा वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. आपण सुचवलेल्या वाचनात नेमका हाच धोका आहे.

दुसरे म्हणजे या परीक्षेत अंगमेहनतीचा भाग मोठा आहे. 2021 च्या रूपरेषेनुसार 230 मिनिटांत 180 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम 77 सेकंद. प्रश्नपत्रिकेचे साठ-साठचे तीन भाग असतात, मध्ये दहा-दहा मिनिटांची दोन विश्रांती मिळते आणि विश्रांतीला उठलात की मागच्या भागातील प्रश्नांकडे परतता येत नाही. शेवटच्या साठांत डोके जड झालेले असते आणि चारही पर्याय सारखेच दिसू लागतात. हे दोन परीक्षांत अंगवळणी पडेल असे ज्यांना वाटते, त्यांनी दोन दिवस धावून मॅरेथॉनला उभे राहून पाहावे. मी नऊ पूर्ण परीक्षा दिल्या; एकही वाया गेली असे मला वाटत नाही.

हिशेबनीस

प्रयोगाचा दाखला योग्य आहे, मात्र त्या विद्यार्थ्यांनी कोऱ्या कागदावर आठवून लिहिले होते. चार पर्यायांतून एक निवडताना पुष्कळदा उत्तर आठवत नाही, नुसते ओळखू येते, आणि तोच प्रश्नसंच दुसऱ्यांदा सोडवला तर तेवढेही नाही, उत्तराची जागा आठवते. शिवाय त्यांची परीक्षा त्याच उताऱ्यावर झाली. इथे सरावातला प्रश्न प्रत्यक्ष परीक्षेत येत नाही. (जे ‘आलेलेच प्रश्न’ म्हणून विकले जातात, त्यांच्याविषयी बोलायलाच नको. ते विकत घेऊन आचारसंहितेवरचे प्रश्न सोडवणाऱ्यांची मला गंमत वाटते.)

परांची

मी सोळा वर्षे बांधकामावर काढली आहेत, त्यामुळे माझा अनुभव संगणक क्षेत्रातील मंडळींपेक्षा वेगळा आहे. पहिली सराव परीक्षा मी अभ्यासाआधी दिली, हिशेबनीसांच्या सल्ल्याच्या अगदी उलट, आणि त्यात सपाटून मार खाल्ला. अजाइलचे प्रश्न मला परके जाणार हे गृहीतच होते. धक्का बसला तो ज्या कामात मुरलो आहे, त्या कामावरचे प्रश्न चुकल्याने.

एक उदाहरण देतो. मालकाचा प्रतिनिधी साइटवर येऊन सांगतो की जिन्याची जागा दोन फूट सरकवा. आमच्याकडे काय होते? काम थांबू नये म्हणून आधी मिस्त्रीला खडूने रेघ मारून दाखवायची, संध्याकाळी वरिष्ठांना फोन करायचा आणि कागद महिन्याअखेरीस बिलाच्या वेळी तयार करायचा. परीक्षेला हे मान्य नाही. तिथे आधी त्या बदलाचा मुदतीवर, खर्चावर आणि जोखमीवर काय परिणाम होईल ते तपासायचे, रीतसर चेंज रिक्वेस्ट करायची, बदलांचा निर्णय करणाऱ्या मंडळाची मंजुरी घ्यायची आणि मगच खडू उचलायचा. हाच बदल अजाइल प्रकल्पात आला तर उत्तर पुन्हा फिरते. तिथे तो प्रॉडक्ट ओनरकडे, म्हणजे कोणते काम आधी हे ठरवणाऱ्याकडे, न्यायचा आणि बॅकलॉगमध्ये, म्हणजे बाकी कामांच्या यादीत, त्याचा क्रम ठरू द्यायचा. तसेच संघातील दोघांचे भांडण. आमची सवय वरिष्ठांकडे नेण्याची. परीक्षेची अपेक्षा अशी की व्यवस्थापकाने आधी दोघांशी बोलावे, कारण समजून घ्यावे आणि प्रकरण स्पॉन्सरपर्यंत, म्हणजे प्रकल्पाला पैसा आणि पाठबळ देणाऱ्यापर्यंत, अगदी शेवटी न्यावे.

हे सगळे पुस्तकात नसते असे नाही. मात्र वाचताना मी प्रत्येक पानावर मान डोलावत होतो, ‘आपण असेच तर करतो’ असे म्हणत. आपण तसे अजिबात करत नाही, हे मला चुकलेल्या प्रश्नांनी सांगितले.

हिशेबनीस

हा प्रतिसाद मला विचार करायला लावणारा आहे, तरी एक शंका विचारतो. जिना सरकवण्याचा निरोप पुन्हा आला, तेव्हा आपण खडू आधी उचललात की कागद?

परांची

खरे सांगायचे तर खडूच. फरक इतकाच पडला की कागद आता त्याच आठवड्यात तयार होतो.

झेडपीची शाळा

वरच्या चर्चेत एक गोष्ट सुटली आहे. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, जिल्हा परिषदेच्या आणि नंतर तालुक्याच्या शाळेत शिकलो. ही परीक्षा मराठीत देता येत नाही. इंग्रजीत ईमेल लिहिणे, बैठकीत बोलणे यांत मला अडचण नाही, पण पाच-सहा ओळींचा प्रसंग वाचायचा, त्यातले निरुपयोगी तपशील गाळायचे आणि लांबलचक चार पर्याय तोलायचे, हे सव्वा मिनिटात करणे निराळे. पहिल्या सराव परीक्षेत वेळ संपली तेव्हा माझे चाळीस प्रश्न उघडायचे राहिले होते. विषय येत नव्हता म्हणून नव्हे. प्रत्येक वाक्य मी मनात मराठीत फिरवत होतो म्हणून.

चुकलेले प्रश्न पुन्हा वाचल्यावर दिसले की माझा घोटाळा क्रियापदापाशी होतो. ‘व्यवस्थापकाने आता काय करावे’ आणि ‘हे टाळण्यासाठी व्यवस्थापकाने काय करायला हवे होते’ हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्यात उत्तर नियोजनाच्या काळातले लागते. घाईत मी दोन्हींना एकच उत्तर देत होतो. तसेच ‘सर्वप्रथम काय’ आणि ‘सर्वांत योग्य काय’. मग मी शेवटची ओळ आधी वाचायची सवय लावून घेतली, आणि सहाव्या-सातव्या परीक्षेपर्यंत वीस मिनिटे हातात राहू लागली. ज्यांची इंग्रजी वाचनाची गती मुळातच चांगली आहे, त्यांना दोन परीक्षा पुरतील. आम्हाला पुरत नाहीत.

दुसऱ्या खेपेचा

मी हिशेबनीसांच्या बाजूचा आहे आणि त्यासाठी किंमत मोजलेली आहे. पहिल्या प्रयत्नापूर्वी माझे गुण ऐंशीच्या वर स्थिर होते. प्रत्यक्षात नापास झालो, आणि ज्या ‘प्रोसेस’ विभागाला 2021 च्या रूपरेषेत 50 टक्के भार होता त्यातच ‘बिलो टार्गेट’ आले. अर्ज मंजूर झाल्यापासून वर्षभरात तीन वेळा बसता येते हे खरे, पण पुन्हा बसण्याचे शुल्क खिशाला जाणवते आणि घरी सांगताना जीभ अडखळते ती वेगळीच. मागे वळून पाहिल्यावर कळले की मी एकच प्रश्नसंच तीनदा सोडवला होता. ऐंशी टक्के हे माझ्या स्मरणशक्तीचे गुण होते.

दुसऱ्या वेळी मी फक्त तीन नव्या परीक्षा दिल्या आणि प्रत्येकीनंतरचे चार-पाच दिवस दुसरे काही केले नाही. वहीत योग्य उत्तर लिहिणे बंद केले. त्याऐवजी चुकीचा पर्याय मला का आवडला, एवढेच एका ओळीत लिहायचो: ‘सगळे स्वतःच सोडवायची सवय’, ‘माहिती न घेता कृती’, ‘ग्राहकाला नाही म्हणायची भीती’. तीन परीक्षांअखेर दिसले की शंभरावर चुका असल्या तरी कारणे पाच-सहाच होती. अंदाजाने बरोबर आलेले प्रश्नही त्याच वहीत गेले. ते चुकलेल्यांपेक्षा घातक असतात, कारण त्यांच्याकडे कोणी परत जात नाही.

खडू-फळा

मी या परीक्षेचे वर्ग घेतो, त्यामुळे माझ्या मतात माझा स्वार्थ मिसळला आहे असे समजूनच वाचावे. प्रश्नसंच विकणाऱ्यांपुढे दोनच मोह असतात: प्रश्न सोपे ठेवून गिऱ्हाईक खूश करायचे, किंवा अवास्तव कठीण करून धाक बसवायचा. दोन्हींत गणिते भरपूर असतात, कारण प्रसंग रचण्यापेक्षा गणित रचणे सोपे. आता मूळ परीक्षेत गणिते मोजकी येतात आणि जी येतात त्यांत अर्थ कळला आहे का हे पाहिले जाते. समजा, 40 लाखांचा प्रकल्प आहे, आजवर 20 लाखांचे काम व्हायला हवे होते, झाले 16 लाखांचे आणि खर्च मात्र 20 लाख झाला. खर्चाचा निर्देशांक (झालेले काम भागिले झालेला खर्च) 0.8 आणि हीच गती राहिली तर अखेरचा खर्च 50 लाख, हे सूत्र पाठ असलेला कोणीही सांगेल. स्पॉन्सरने विचारल्यावर हे आज सांगायचे की पुढच्या अहवालापर्यंत झाकून ठेवायचे, खरा प्रश्न तिथे असतो.

पीएमआयच्या स्वतःच्या ‘स्टडी हॉल’ या साधनातील प्रश्न मूळ परीक्षेच्या भाषेला जवळचे आहेत, म्हणून मी ते सुचवतो. त्यातही ‘एक्स्पर्ट’ पातळीचे काही प्रश्न असे आहेत की त्यांच्या उत्तरावर दोन अनुभवी व्यवस्थापकांचे एकमत होणार नाही; त्यांपायी झोप घालवू नये. नऊ की दोन, या वादात मात्र मला रस नाही. माझ्या वर्गातील जे विद्यार्थी सराव परीक्षा दिल्यावर माझ्याशी उत्तरावरून भांडतात, ते बहुधा उत्तीर्ण होतात.

रोजचे साठ

‘दुसऱ्या खेपेचा’ यांच्या वहीबद्दल दुमत नाही. मीही चुकांची नोंद ठेवत होतो, फक्त इतकी प्रामाणिक नव्हती. तरी त्यांच्या अपयशाचे खापर सरावाच्या संख्येवर फोडणे मला पटत नाही. त्यांनी तीन परीक्षा दिल्याच नव्हत्या. एकच परीक्षा तीन वेळा दिली होती.

हिशेबनीस

दोन परीक्षांचा माझा आग्रह मी सोडतो, विशेषतः ‘झेडपीची शाळा’ यांनी लिहिलेले वाचल्यावर. वाचनाच्या गतीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. सराव परीक्षेआधी अभ्यास हवा, हा आग्रहही ‘परांची’ यांनी खिळखिळा केला आहे. गुणांच्या आकड्याविषयीचे मत मात्र कायम आहे. आमच्या कार्यालयातील आणखी एका सहकाऱ्याची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे आणि येत्या रविवारी तो नववी सराव परीक्षा देणार आहे. काल मी त्याला आठवीतले चुकलेले प्रश्न दाखवायला सांगितले. गुण त्याला तोंडपाठ होते. चुकांचे पान त्याने अजून उघडलेले नव्हते.

रोजचे साठ

नववी परीक्षा त्याला देऊ द्या. फक्त सोमवारची रजा आजच टाकायला सांगा, आणि त्या दिवशी शेजारी आपण बसा.