डीपीएफचा दिवा आणि पाटण तालुका: हायवे आणायचा कुठून?

गोठाफिरस्ती

नमस्कार मंडळी. मी पाटण तालुक्यात जनावरांची डॉक्टर आहे. गाडी बीएस-६ डिझेल, फोर बाय फोर. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर धागा "ही नको होती घ्यायला, ती घ्यायची" या वळणावर जाईल. फोर बाय फोर हौसेने घेतलेली नाही. भर पावसात मोरगिरीच्या वरच्या वाडीतून फोन येतो तेव्हा अडलेली म्हैस रस्ता वाळायची वाट बघत नाही, आणि त्या लाल चिखलात साध्या गाडीचं काय होतं ते इकडच्यांना सांगायला नको.

तर दुखणं असं. मीटरवर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचा, दिवा लागतो. सर्व्हिस सेंटरला नेली की ते लॅपटॉप जोडून जागेवरच रीजन करून (साठलेली काजळी जाळून) देतात, दिवा जातो, थोडे दिवस बरे जातात, पुन्हा दिवा. त्यांचं ठरलेलं वाक्य: "मॅडम, हायवेला ऐंशीने अर्धा तास पळवून आणत जा." अहो, हायवे म्हणजे उंब्रज. तिथवर नुसती गाडी पळवायला जायचं आणि परत यायचं, तेवढ्यात इकडे दोन गोठे होतात. माझं फिरणं म्हणजे या वाडीवरून त्या वाडीवर, मध्ये चार-पाच किलोमीटर, तेही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. गोठ्यापाशी इंजिन चालूच असतं, कारण काम बहुतेक वेळा दहा मिनिटांचं, आणि रात्री हेडलाइटशिवाय दुसरा उजेड नसतो.

विचारायचं ते तीन गोष्टींबद्दल. हायवेशिवाय ही गाडी जगू शकते का? दुसरं, डिपस्टिकवर ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर दिसते. मी थेंबही घातलेला नाही. सेंटरवाले म्हणतात "चालतं". मला तरी हे चालण्यासारखं वाटत नाही. आणि तिसरं, एक गॅरेजवाला म्हणतो, "आतली जाळी काढून टाकतो, सॉफ्टवेअर मारून देतो, परत दिवा म्हणून दिसणार नाही." मोह होतोय. अनुभवी लोकांनी सांगावं. गुगलवर वाचून सांगणाऱ्यांचेही आभार, पण ते मी वाचलंय.

सीएनजीप्रेमी

डॉक्टर, एवढ्या कमी रनिंगला पेट्रोल घ्यायला हवी होती.

गोठाफिरस्ती

आलंच वळणावर. रनिंग कमी नाही हो, तुकड्यातुकड्यांचं आहे.

नोझलवाला

डॉक्टर, माझं मिरजेला डिझेल पंप-नोझलचं दुकान आहे. वडिलांच्या वेळी ट्रॅक्टरचे पंप यायचे, आता निम्मं काम स्कॅनर लावून असल्या दिव्यांचं असतं. जरा लांबण लागेल.

हे खूळ आपल्याकडे गावोगाव पोचलं एप्रिल २०२० पासून, बीएस-६ लागू झालं तेव्हा. आपण बीएस-४ वरून थेट सहावर उडी मारली, पाचवं घेतलंच नाही. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आणलं आणि गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ बसला. आत मधमाशांच्या पोळ्यासारखे चौकोनी बारीक बोगदे, एक पुढून बंद, शेजारचा मागून बंद. धूर भिंतीतून झिरपून पलीकडे जातो, काजळी भिंतीवर राहते. ती काजळी कधीतरी जाळावी लागते, तेच रीजन.

जळायचे दोन प्रकार. सायलेन्सर चांगला तापलेला असला, म्हणजे तीनशे अंशांच्या आसपास आणि वर, की काजळी चालता चालता हळूहळू आपोआप जात राहते. तुम्हाला कळतही नाही. हे होत नसेल आणि काजळी साठली, तर गाडीचा कॉम्प्युटर स्वतः आग लावतो: पिस्टन खाली यायला लागल्यावर उशिरा थोडं जास्तीचं डिझेल मारतो, ते पुढच्या कॅटॅलिस्टमध्ये (डीपीएफच्या आधीच्या धूर साफ करणाऱ्या डब्यात) पेटतं आणि डीपीएफ सहाशे अंशांपर्यंत जातो. याला दहा ते पंचवीस मिनिटं लागतात. तुमच्याकडे पहिला प्रकार होत नाही आणि दुसरा सुरू झाला की तुम्ही गोठ्यापाशी पोचून थांबता. अर्धवट राहिलेलं रीजन हे सगळ्यात वाईट. काजळी तशीच, आणि जास्तीचं मारलेलं डिझेल फुकट.

फुकट म्हणजे कुठे गेलं? तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांच्या फटीतून खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. पातळी वाढते ती ऑइलची नव्हे, डिझेलची. डिपस्टिक पुसून बोटावर घ्या, वास घ्या, बोटात चोळून बघा किती पातळ लागतं ते. वरच्या खुणेच्या वर गेलं असेल तर ऑइल आणि फिल्टर बदला, किलोमीटर झाले असोत वा नसोत. "चालतं" म्हणणाऱ्याला विचारा, टर्बोचं बेअरिंग गेलं तर बिल कोण भरणार? पातळी फारच वाढली तर इंजिन ते ऑइलच ओढून जाळायला लागतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही. असं इंजिन ज्याने एकदा ऐकलंय तो डिपस्टिक बघायला विसरत नाही.

आता हायवे. सर्व्हिसवाले वेग सांगतात, कारण ते सांगायला सोपं. डीपीएफला वेगाशी काही देणंघेणं नाही, त्याला उष्णता लागते, आणि उष्णता भारातून येते. तुमच्याकडे घाट आहेत की! पाटणवरून सडावाघापूरला चढताना एक गिअर खालचा ठेवा, दोन-अडीच हजार आरपीएम धरा, टॉप गिअरमध्ये रेटत नेऊ नका. सायलेन्सर हायवेच्या तोडीस तोड तापेल. उतार मात्र उपयोगाचा नाही, उतारावर डिझेल बंद असतं आणि सगळं थंड होतं. लो रेंज (फोर बाय फोरचे रांगायचे गिअर) लावून रांगणंही उपयोगाचं नाही; इंजिन ओरडतं खूप, पण भार नसतो. चढ ज्या दिवशी शेवटच्या गोठ्याच्या वाटेवर येईल असा फेरा लावता आला तर बघा, म्हणजे वर पोचेपर्यंत काम होतं.

आणि उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं कमी करा. आयडलिंगला सायलेन्सर थंड आणि काजळी सुरूच. उजेडासाठी बॅटरीवरचा एलईडी दिवा घ्या, दोन-तीनशे रुपयांपासून मिळतो.

तिसऱ्या प्रश्नावर वेगळं लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

पर्थकर

नोझलवाल्यांना दुजोरा, आणि "हायवेवर पळवा" या मंत्राला एक फाटा. इथे ऑस्ट्रेलियात टोयोटाचा खटला गाजला. १ ऑक्टोबर २०१५ ते २३ एप्रिल २०२० या काळात विकलेल्या हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनर, २.४ आणि २.८ लिटर डिझेल, मिळून अडीच लाखांहून जास्त गाड्या. फेडरल कोर्टाने २०२२ मध्ये मालकांच्या बाजूने निकाल दिला, नुकसानभरपाईचा हिशेब पुढे हाय कोर्टापर्यंत (इथलं सर्वोच्च न्यायालय) गेला. गंमत अशी की त्या गाड्यांचा त्रास शहरातल्या रांगत्या रहदारीचा नव्हता. सलग शंभरच्या वेगाने चालवणाऱ्यांनाच तो व्हायचा. पुढच्या कॅटॅलिस्टचं तोंड बुजायचं, रीजन नीट व्हायचं नाही, मागून पांढरा धूर आणि घाण वास. मधल्या काळात कंपनीने हाताने रीजन सुरू करायचं बटण दिलं, खरा इलाज २०२० मध्ये आला.

सांगायचं एवढंच की दिवा लागला म्हणून चालवणाऱ्याच्या सवयीवर खापर फोडायची घाई नको. कधी दोष रचनेतच असतो. तुमच्या गाडीत हाताने रीजन करायचं बटण आहे का बघा. भारतातल्या काही मॉडेलांत असतं.

गोठाफिरस्ती

बटण नाही. नोझलवाले, तुमचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला. नवरा म्हणाला, सडावाघापूरला जायला आता गायीगुरांचं निमित्तही लागणार नाही. पण रीजन सुरू झालंय हे मला कळणार कसं? दिवा तर आधीच काजळी भरल्यावर लागतो.

नोझलवाला

दिव्याची वाट बघायची नाही. आयडल आठशेवरून हजाराच्या आसपास चढतं. ताबडतोबचं ॲव्हरेज दाखवणारा आकडा खाली येतो. आवाज जरा घोगरा होतो. बंद केल्यावर रेडिएटरचा पंखा खूप वेळ फिरत राहतो आणि गाडीखालून गरम लोखंडाचा वास येतो. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर ती सोय त्या वेळी काम करत नाही. यातलं दोन-तीन एकदम दिसलं की दहा-पंधरा मिनिटं जास्तीची चालवा, म्हैस अडलेली नसेल तर. सोपं हवं असेल तर ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या सॉकेटचा) ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइल ॲप, काजळीचा आकडा आणि तापमान समोर दिसतं. मात्र तुमच्या मॉडेलला ते वाचता येतं का हे विचारून मगच घ्या.

जाळी काढण्याबद्दल. नाही म्हणजे नाही. मी स्वतः हे काम करत नाही, दुकानात रोज कुणीतरी विचारतं. वॉरंटी जाते, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल बेकायदा आहे, आणि नको त्या सॉफ्टवेअरने काम केलेल्या गाडीतला पुढचा कुठलाही बिघाड शोधणं म्हणजे शिक्षा. शिवाय तुम्ही गोठ्याच्या दारात इंजिन चालू ठेवता म्हणालात. तो धूर तुमच्याच पेशंटांच्या नाकात.

एक गोष्ट राहिली. काजळी जळते, राख जळत नाही. चुलीसारखंच, लाकूड जळलं तरी राख काढावीच लागते. ही राख येते इंजिन ऑइलमधल्या रसायनांतून, म्हणून मॅन्युअलमध्ये कमी राखेचं ऑइल लिहिलेलं असतं. बाटलीवर एसीईए सी३ (कमी राखेच्या ऑइलचा युरोपियन दर्जा) किंवा कंपनीने सांगितलेला ग्रेड बघून घ्या. गावच्या दुकानातलं ट्रॅक्टरचं ऑइल कितीही चांगलं असो, या गाडीत नको. राखेने भरलेला डीपीएफ रीजनने मोकळा होत नाही, तो काढून धुवावा नाहीतर बदलावाच लागतो. तुमची गाडी अजून त्या थराला गेली नसावी.

जंगलवाट

आमच्या ऑफरोड ग्रुपमधून दोन गोष्टी, कुणी लिहिल्या नाहीत म्हणून. रीजन चालू असताना किंवा नुकतं झालं असताना गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नका. साताऱ्याकडे उसाचं पाचट बांधाला पडलेलं असतं, त्याच्यावर तर अजिबात नाही. खाली सहाशे अंशांचा डबा लटकतोय. मार्च ते मे हे विशेष. आणि डबा तापलेला असताना ओढ्यात गाडी घालायची वेळ आली तर काठावर थोडं थांबा, थंड होऊ द्या, मग उतरवा.

गोठाफिरस्ती

पाचटाचं डोक्यातच आलं नव्हतं, आणि मी तर रोज बांधावरच लावते. धन्यवाद.

ऑइल बदलून घेतलं. काढलेलं ऑइल खरंच पाण्यासारखं पातळ आणि डिझेलचा वास. घाटाचा प्रयोग सुरू आहे, वर जाताना आयडल आणि पंखा दोन्ही खुणा पकडता आल्या. पण दिवा अजून अधूनमधून लागतोच, पूर्वीपेक्षा उशिरा एवढाच फरक. आणखी काही बघायचं राहिलं का?

नोझलवाला

हो, आता गाडीच्या पोटात बघू. तीन गोष्टी, या क्रमाने.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनच्या पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी-मिटणारी झडप. तो उघडाच अडकला असेल तर इंजिन पूर्ण तापत नाही आणि कॉम्प्युटर रीजन सुरूच करत नाही. स्कॅनरवर पाण्याचं तापमान बघा, अर्धा तास चालवूनही ऐंशीच्या खाली रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट बदला. तुमच्याकडची थंडी आणि पाऊस बघता माझा पहिला संशय तिथेच.

मग डिझेलची टाकी. रिझर्व्हला असताना बऱ्याच गाड्या रीजन टाळतात. पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका.

आणि डीपीएफच्या आधी आणि नंतर दाब मोजणारा सेन्सर असतो, त्याला दोन रबरी नळ्या जातात. त्यातली एक तडकली की कॉम्प्युटरला काजळीचा खोटाच आकडा मिळतो, मग तो भलत्याच वेळी रीजन मागतो नाहीतर मागतच नाही. गोठ्यापाशी गाडी उभी असते म्हणजे उंदीर आलेच, त्यांना हे रबर फार आवडतं. टॉर्च घेऊन नळ्या दोन्ही टोकांपर्यंत हाताने चाचपून बघा, खालच्या बाजूने विशेष. नळी बदलली तर इंजिन बंद ठेवून चावी ऑन करून सेन्सर शून्य दाखवतो का ते स्कॅनरवर बघायला सांगा. दाखवत नसेल तर सेन्सरही बदलायचा.