संत्र्याच्या नांग्या: आधी बंदोबस्त सशाचा की सूत्रकृमीचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. काटोलजवळ आमची जुनी संत्राबाग आहे. वाळलेली झाडं काढून नांग्या (रिकाम्या जागा) भरायला त्याच खड्ड्यांत जंबेरी खुंटावरची (खाली मूळ जंबेरी लिंबाचं, वर डोळा संत्र्याचा) कलमं लावली. त्यातली काही रात्रीतून कापली जातात. काप तिरपा, विळा मारल्यासारखा, आळ्यात गोल लेंड्या. म्हणजे ससा, वादच नाही. बाबा म्हणतात अख्ख्या बागेला जाळी मारू.

मला खटकतंय वेगळंच. सशानं तोंडही न लावलेली कलमंसुद्धा वाढत नाहीयेत. पानं बारीक, पिवळी, शेंडे वाळलेले. जुनी झाडंही अशीच वरून वाळत गेली. दुकानदार सूत्रकृमी (मुळांवर जगणारा बारीक किडा) म्हणतो, पण त्याला औषध विकायचंय! दोन्ही खर्च झेपणार नाहीत. मोठा शत्रू कोण? सूत्रकृमी घरी ओळखता येतो का?

प्रतिसाद १
भाऊ, ससा दिसतो म्हणून शिव्या खातो. कलम डोळा बांधलेल्या जागेच्या वर कापलं असेल तर पुन्हा फुटेल. खाली कापलं असेल तर फुटवा जंबेरीचा, ते काढूनच टाका. अख्ख्या बागेला जाळी कशाला? प्रत्येक कलमाभोवती कोंबडीजाळीचं दोन फुटी कडं करा. खोड जाड झालं की सशाचा त्रास तसाही सरतो. फासे मात्र लावू नका, १९७२च्या वन्यजीव कायद्याचं लचांड मागे लागेल.

सूत्रकृमी झाड मोठं झालं म्हणून सोडत नाही, आणि जुन्या खड्ड्यातल्या मुळांवरून नव्या कलमावर येतो. मादी जेमतेम ०.४ मिमी. तोंड मुळात खुपसलेलं, मागचा भाग बाहेर. अंडी चिकट पदार्थात घालते, त्याला माती धरते. तंतुमुळं बादलीत खळखळून धुवा. धुऊनही मळकट, जाडसर राहिली तर संशय पक्का. साल चिमटीत सुटून आत दोरा उरला तर ती फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगाची मूळकूज, तिचं औषध वेगळं. त्यामुळे तपासणीआधी काहीच विकत घेऊ नका. नागपूरला अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत विचारा.

धागाकर्ता
धन्यवाद भाऊ. कडी आजच करतो. नमुन्याला वरची कोरडी माती चालेल?

प्रतिसाद १
नाही. वीतभर खोलीची ओलसर माती, तंतुमुळांसकट. पिशवी गाडीत उन्हात ठेवू नका, सूत्रकृमी वाटेतच मेले तर अहवाल कोरा येईल.