रेपो कमी झाला तरी बाबांच्या गिल्ट फंडाची एनएव्ही खाली का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितोय. जरा मोठं झालंय पण पूर्ण वाचा प्लीज, कारण घरच्या पैशांचा प्रश्न आहे.

बाबा निवृत्त झाल्यावर आलेले बरेचसे पैसे पोस्टात सीनियर सिटिझन स्कीममध्ये ठेवलेत, तिथे 8.2 टक्के मिळतात, दर तीन महिन्यांनी व्याज येतं, त्याची चिंता नाही. 2025 च्या मे महिन्यात एक एफडी संपली, ती रिन्यू करायला गेले तर दर बराच उतरलेला, तेव्हा तिथल्या माणसाने सांगितलं की आता दर पडतायत, एफडी नको, लांब मुदतीचा गिल्ट फंड, म्हणजे सरकारी रोख्यांत पैसे लावणारा म्युच्युअल फंड, घ्या. फॉर्मच्या पाठीमागे त्याने पेनाने दोन बाण काढून दिलेत, रेपो म्हणजे आरबीआयच्या दरापुढे खाली आणि बाँडपुढे वर. तो कागद बाबांनी अजून फाईलमध्ये लावून ठेवलाय.

आता रेपो तर खरंच खाली आला. फेब्रुवारीत 6.50 वरून 6.25, एप्रिलमध्ये 6, आणि 6 जूनला एकदम अर्धा टक्का कमी करून 5.50. वर सीआरआर, म्हणजे बँकांनी ठेवींतला जो हिस्सा आरबीआयकडे ठेवायचा असतो, तोसुद्धा 4 वरून 3 टक्क्यांवर आणणार म्हणून सांगितलं. बाबा खूश होते. पण त्यानंतर एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, घसरायलाच लागली, चतुर्थीच्या दिवसांत बघितलं तर टाकले त्यापेक्षा कमी दिसत होते. डिसेंबरात रेपो 5.25 झाला तरी फार काही हललं नाही. बाबा विचारतात सरकारी रोख्यात तोटा कसा होतो, आणि मला नीट सांगता येत नाही.

यातल्या काही पैशांतून पावसाआधी घराच्या छपराचं काम करायचंय, कौलं आणि वासे दोन्ही बदलायचेत. थांबावं की काढावेत? आणि माझं होमलोन 2018 चं आहे, त्याचा दर इतक्या कपातीनंतरही जेमतेम हललाय, ते का? जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद

मी मूळ डिचोलीचा, मुंबईत ट्रेझरीत काम करतो. बाबांना आधी एवढंच सांगा की सरकार पैसे बुडवत नाहीये, व्याज आणि मुद्दल वेळेवर मिळणारच. फंडाला रोख्याची किंमत रोजच्या बाजारभावाने धरावी लागते आणि बाजारातलं यील्ड, म्हणजे रोख्यावर मिळणारा परतावा, वाढलं की जुन्या रोख्याची किंमत पडते, एनएव्हीत दिसतोय तो हा परिणाम.

रेपो हा बँकांनी आरबीआयकडून अगदी थोड्या दिवसांसाठी पैसे घेण्याचा दर. त्याचा थेट जोर ट्रेझरी बिलं वगैरे छोट्या मुदतीवर चालतो. दहा, तीस वर्षांचं यील्ड ठरतं ते पुढे महागाई किती राहील, अजून कपात होईल का आणि सरकार किती कर्ज काढणार यावर. जानेवारी 2025 मध्ये दहा वर्षांचं यील्ड पावणेसातच्या आसपास होतं आणि जूनच्या पॉलिसीआधीच ते सव्वासहापर्यंत उतरलं होतं, म्हणजे कपातीचा फायदा बाजाराने अगोदरच धरून घेतलेला, आणि तुमचे बाबा मे महिन्यात आत शिरले. 6 जूनला कपात अपेक्षेपेक्षा मोठी होती पण त्याच दिवशी धोरणाचा पवित्रा अकोमोडेटिव्हवरून (दर कमी करण्याकडे कल) न्यूट्रल (कुठेच कल नाही) केला, लोकांनी अर्थ काढला की आता फार कपात उरली नाही. मग 15 ऑगस्टला जीएसटी कमी करणार अशी घोषणा झाली, सरकारचा महसूल घटून कर्ज वाढेल ही धास्ती आली आणि महिनाअखेर यील्ड साडेसहाच्या वर. फंडाचं ड्युरेशन, म्हणजे यील्ड हललं की किंमत किती हलते ते सांगणारा आकडा, 10 असेल तर यील्ड 0.30 ने वाढलं की साधारण 3 टक्के घट होते.

बाजार निर्णयापेक्षा धक्क्यावर हलतो. 4 मे 2022 आठवा, वेळापत्रकात नसताना मीटिंग घेऊन रेपो 4 वरून 4.40 केला आणि सेन्सेक्स एका दिवसात तेराशेच्या वर अंकांनी पडला. 0.40 ही काही भयंकर वाढ नव्हती, कोणाच्या ध्यानीमनी नव्हती एवढंच.

छपराचे पैसे काढा, माझं स्पष्ट मत. वर्षभरात लागणारी रक्कम लांब मुदतीच्या फंडात ठेवू नये, मग एनएव्ही कितीही खाली असो, एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढल्यास कापली जाणारी फी, तेवढा बघून घ्या. बाकीचे पाच-सात वर्षं लागणार नसतील तर राहू देत, यील्ड जास्त आहे म्हणजे पुढचं व्याजही जास्त मिळतंय.

तुमचं लोन बहुतेक एमसीएलआरवर, म्हणजे बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या दरावर, असणार. बँकांच्या नव्या फ्लोटिंग होमलोनला रेपोसारख्या बाहेरच्या बेंचमार्कशी जोडण्याची सक्ती 1 ऑक्टोबर 2019 पासून आहे, जुनी लोनं आपण मागितल्याशिवाय बदलत नाहीत. हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर ती सक्ती लागूच नाही. सँक्शन लेटर काढून बघा.

धागाकर्ता

खूप आभार दादा, संध्याकाळी बाबांना बसवून हे वाचून दाखवलं, त्यांना व्याज आणि बाजारभाव हा फरक पटला. फॅक्टशीट उघडली, मॉडिफाइड ड्युरेशन 10 च्या वरच आहे. छपरापुरते काढतोय, बाकीचं राहू देतो. लोन बँकेचंच आहे आणि पत्रावर एमसीएलआर अधिक मार्जिन असंच लिहिलंय. फोंडा-मडगाव भागात कोणी एमसीएलआरवरून रेपो लिंक्डवर लोन बदलून घेतलं असेल तर फी किती लागली आणि मार्जिन वाढवलं का ते इथे लिहा, म्हणजे सोमवारी बँकेत जाताना मला नेमकं काय विचारायचं ते कळेल.